पंचफुलाला मिशी फुटली

हिवरखेडची गोदाबाई सुईण सांगायची की जमाचा हेला, म्हणजे यमाचा रेडा, तिने या डोळ्यांनी पाहिलाय. नुसता पाहिला नाही, गावाबाहेरच्या बाभळीला बांधलेला होता तेव्हा शेपटी पिरगाळून त्याला थेट तेल्हाऱ्यापर्यंत पळवलाय. त्या दिवशी म्हणे पंचक्रोशीत कोणी मेलं नाही. तिरडीवरच्यांनी उठून भाकर मागितली. गाव पोट धरून हसायचं. जाईबाई मात्र हसत नसे. तिचे तीन पोरगे त्याच हेल्यावर बसून गेले होते. तिघांचं एकच झालं. बारसं केलं, नावानं हाक मारायला लागावं, की महिन्याच्या आत पाळणा रिकामा.

चौथ्या खेपेला गोदाबाईने पोर हातात घेतलं, नीट पाहिलं आणि दाराकडे तोंड करून ओरडली, "पोट्टी झाली वो, पोट्टी!"

मग जाईबाईच्या कानाशी वाकली. "पोट्टा हाये. पन जमाले पोट्ट्यांचीच हाव. पोट्टी कोनाले पाह्यजे, बाई? त्यालेबी नाई. पंचफुला नाव ठेव, नाक टोच, अन् मरेपर्यंत दुसऱ्या नावानं हाक मारू नको."

"कोन मरेपर्यंत?"

"तू. नाई तर तो."

नाक टोचलं. झगा शिवला, वेणी घातली. पंचफुला जगला. गावात गोवर आला तेव्हा याला नुसती शिंक आली. इंगळी चावली तर इंगळीच तडफडून मेली, असं सांगतात. ती पाहणारं आता कोणी उरलं नाही, पण सांगणारे पुष्कळ आहेत.

पोर सहा वर्षांचं झालं त्या दसऱ्याला त्याचा बाप डोमाजी वस्तीतल्या लोकांबरोबर नागपूरला गेला आणि पांढरे कपडे घालून बौद्ध होऊन परत आला. आल्या आल्या घरातले देव टोपलीत घातले आणि नदीला सोडले. मग पोराची वेणी कापली, त्याला शाळेत नेलं आणि मास्तरला नाव सांगितलं, धर्मपाल.

जाईबाई चुलीपाशीच बसून राहिली. डोमाजी म्हणाला, "आपन देव सोडले. मंग जमाले कावून धरून राहिली तू?"

"देव आपन सोडले. जमानं आपल्याले सोडलं का?"

डोमाजीकडे उत्तर होतं. पण ते नागपूरला ऐकून आणलेलं होतं, आणि त्यात त्या तीन पोरांचं काही नव्हतं.

शाळेत धर्मपाल, घरात पंचफुला, असं चार वर्षं चाललं. मग एक दिवस पोरगं सदरा फाडून, ओठ फोडून घरी आलं. "माय, आजपासून मले पंचफुला म्हनायचं नाई. धर्मपाल म्हन."

जाईबाईने तोंड उघडलं. नाव दातांपर्यंत आलं आणि मागे फिरलं. एक नाव पोरगा घेऊ देईना, दुसरं जम. तेव्हापासून तिने त्याचं नावच घेतलं नाही. जेवायला बोलवायचं झालं की पितळी तांब्यावर उलथनं वाजवायची. दोनदा वाजवलं तर ये, तीनदा वाजवलं तर धावत ये. म्हणे एकदा तो हिवरखेडच्या बाजारात होता आणि ती अर्ध्या कोसावरच्या वावरात, तरी पोरगं हातातली भेळ टाकून धावलं. नऊ वर्षं माय-लेकात तेवढीच हाक होती.

मॅट्रिक होऊन धर्मपाल अकोल्याला एका कचेरीत टायपिस्ट झाला. बारीक मिशी ठेवली. नाकाच्या भोकाचं कोणी विचारलंच तर म्हणायचा, लहानपणी देवी आल्या होत्या. एका भोकापुरत्या देवी! डोमाजी वारल्यावर त्याने मायला खोलीवर आणलं. तांब्याही आला.

त्या उन्हाळ्यात जाईबाईच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यात तिला खिडकीजवळची खाट मिळाली. बाहेर व्हरांड्यापलीकडे निंबाखाली एक हेला रवंथ करत बसला होता. काळा, शिंगं मागे वळलेली.

"तो हेला कोनाचा व?" तिने वॉर्डातल्या शहाजादी आयाला विचारलं.

"पानीवाले का होगा, अम्मा. तुमचं कोन हाये ते सांगा पयले. डाक्टरसाब विचारून राहिले."

जाईबाईने खिडकीकडे पाहिलं. हेल्याचा कान हलला. त्याला ऐकू जाईल अशा बेताने ती म्हणाली, "पोरगी हाये. पंचफुला."

शहाजादी दारात जाऊन ओरडली, "जाईबाई की बेटी पंचफुला! कोन हाये पंचफुला?"

व्हरांड्याच्या बाकावर धर्मपाल बसला होता. शेजारी कचेरीतले हेडक्लार्क पंजाबराव. माणुसकी म्हणून बघायला आले होते.

"काबे, तुले बहीन हाये? कधी बोलला नाईस."

धर्मपालच्या मिशीखाली घाम फुटला. "नाई," तो म्हणाला. मग जरा मोठ्याने, "होती. लहानपनीच मेली."

खिडकीतून ते शब्द आत आले. जाईबाईला चटका बसला, तीनदा बसला होता तसाच. हा चौथा. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं. हेल्यानेही ऐकलं होतं. पंचफुला मेली. म्हणजे आता त्या घरी कोणाला न्यायचं उरलंच नाही. हुशार निघाला पोट्टा! निंबाखालचा हेला उठला, अंग झटकलं आणि फाटकाकडे निघाला. पाणीवाल्याने नेला, असं शहाजादी पुढे सांगायची. जाईबाईला पाणीवाला दिसला नाही.

एकोणीस वर्षं आत धरलेला श्वास तिने सोडला. आणि म्हणाली, "धर्मपाल."

पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा आवाज व्हरांड्यापर्यंत पोहोचला.

"कोनी बाई तुले हाक मारून राहिली," पंजाबराव म्हणाले.

धर्मपालने कान दिला. नाव त्याचं होतं. पण त्या आवाजात ते त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. "दुसरा कोनी असन, साहेब. मले इथं कोन ओळखते?" आणि दोघं फाटकापाशी चहा प्यायला गेले.

तांब्या स्टुलावर होता, हाताच्या अंतरावर. औषधाचा चमचा त्यावर एकदा आपटला असता तरी त्याने कप फेकला असता. पण आता तांब्या कशाला? आता तिच्याकडे नाव होतं.

ते परत आले तेव्हा शहाजादीने चादर तोंडावर ओढली होती.

"धर्मपाल, धर्मपाल करत गेली अम्मा. कोन हाये हो तो? त्याले कळवाले पाह्यजे. अन् तुमी कोन अम्माचे?"

धर्मपालने तांब्या उचलला, पोटाशी धरला. पंजाबराव बाजूलाच उभे होते.

"मी पंचफुला," तो म्हणाला.

पंजाबरावांची नजर त्याच्या नाकावरच्या भोकाकडे गेली, आणि तिथून खाली फरशीवर उतरली.