हरवली, हे आधी सांगायचं

भीड नावाची गोष्ट तेलेसियाच्या वाट्याला आलीच नव्हती. लोगन शहरात येऊन राहिलेल्या सामोआ बेटांवरच्या लोकांच्या चर्चला ते चांगलंच माहीत होतं. भजनात कोणी बेसूर गायलं, तर पाळकसाहेब गप्प बसत, ती मात्र मान वळवून बघत असे. म्हणूनच भाचीची मुलगी सरकारने ताब्यात घेतली, तेव्हा "पोर परक्याच्या घरी जाणार नाही, माझ्याकडे द्या" असं ठणकावून सांगायला तीच पुढे झाली. बाकीचे नातेवाईक डोळे पुसत बसले होते.

लुपे सात वर्षांची. आईने तिला दोन-दोन दिवस घरात एकटीला ठेवलेलं. वर्षभरात आजीच्या हातचं खाऊन ती गुबगुबीत झाली होती, आणि पुढच्या महिन्यात कोर्ट ठरवणार होतं की ती कायमची आजीकडे राहील की नाही. बालकल्याण खात्याच्या ब्रॉनविनबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मूल कुठे आहे हे माहीत नसेल, तर त्याच क्षणी पोलिसांना आणि मला कळवायचं. सांभाळणाऱ्यावर कायद्याने ते बंधन आहे." तेलेसियाने सही केली होती, आणि तिची सही म्हणजे दगडावरची रेघ.

तो ऑक्टोबरातला मुलांचा रविवार होता. चर्चमध्ये सगळी पोरं पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, बगळ्यांच्या थव्यासारखी. पहाटेपासून घोकलेली वचनं म्हणून झाली, टाळ्या झाल्या, आयांचं रडून झालं. मग नेहमीसारखं जे पोर ज्या गाडीजवळ होतं, त्या गाडीत शिरलं आणि सगळ्या गाड्या तेलेसियाच्या थोरल्या भावाच्या, सामुएलूदादाच्या घरी निघाल्या. आमच्यात पोर कुणाच्या गाडीत बसलं हे विचारायची रीतच नाही. कुठल्या ना कुठल्या मावशी-आत्याच्याच गाडीत असणार, मग विचारायचं काय?

एरवी पोरांनी मोठ्यांना वाढायचं आणि उरलंसुरलं शेवटी खायचं. या एका दिवशी उलटं. पोरं चटईवर मांडी घालून बसतात आणि मोठी माणसं त्यांना वाढतात. तापल्या दगडांवर भाजलेलं डुक्कर, अळूचे कंद, नारळाच्या दुधात शिजलेली अळूची पानं आणि शेवटी आइस्क्रीम. तेलेसिया लुपेचं ताट घेऊन रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. ताट हातातच राहिलं.

"लुपे कुठंय गं?"

"रूटाकाकूच्या व्हॅनमध्ये असेल," एक पोर तोंडात घास धरून म्हणालं.

"माझ्याकडे कुठली?" सामुएलूची बायको रूटा पंख्याने वारा घेत म्हणाली. "ती तुझ्याबरोबरच निघाली ना, तेसी? मी आपली आठजणं कोंबून आणली."

"माझ्या गाडीत नुसती भांडी होती, वहिनी."

तेलेसियाने ताट खाली ठेवलं. न्हाणीघर, मागचं अंगण, पलंगाखाली, सगळीकडे हाका मारून झाल्या. मग तिने पिशवीतून फोन काढला.

सामुएलू उठला. तो घराण्याचा प्रमुख. त्याच्या शब्दावर लग्नं ठरत आणि मोडतही. त्याने तिच्या फोनवर हात ठेवला.

"कुणाला करतेस?"

"पोलिसांना. मग ब्रॉनविनबाईंना."

"डोकं फिरलंय का तुझं? पोर पियामावशीच्या घरी असेल, नाहीतर पाळकांच्या. आधी सगळ्यांना विचारू. अर्धा तास थांब."

"अर्ध्या तासाने ती सापडली नाही तर?"

"आणि पोलिस आले तर? पुढच्या महिन्यात कोर्ट आहे, बाई! म्हणतील, यांना एक पोर सांभाळता येत नाही. नेऊन ठेवतील कुठल्यातरी परक्याच्या घरात. स्वतःच्या हाताने तिला घालवणार आहेस तू!"

हे खरं होतं. लुपेशिवायचं घर तेलेसियाला डोळ्यांसमोर दिसलं, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

"दादा," ती म्हणाली, "ती जिवंत राहून परक्याकडे गेली, तर मी रोज त्यांच्या दारात जाऊन बसेन. हात काढ."

आजवर सामुएलूला 'हात काढ' म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. त्याने हात काढला.

पोलिसांकडची बाई शांत आवाजात बोलत होती. नाव, वय, कपडे. तेलेसियाने धडाधड उत्तरं दिली.

"गाडी निघालीच आहे. तोवर फोन चालू ठेवा आणि तिथल्या सगळ्या गाड्या आतून बघा. अमुक गाडीत ती नाही याची खात्री असेल, तर ती आधी बघा."

तेलेसियाने रूटाकडे पाहिलं. रूटाचा पंखा थांबला.

व्हॅन रस्त्यावर भर उन्हात उभी होती. तेलेसिया धावली, या वयात आणि या देहाला न शोभणारं धावली. मागच्या बाकावर, वाद्यांच्या पिशव्यांमागे, लुपे पांढऱ्या झग्यात घामाने निथळत पडली होती. गाल लालबुंद, ओठ कोरडे. किल्ली आणायला रूटा वळली, तोवर तेलेसियाने कुंपणाजवळची वीट उचलून पुढची काच फोडलीसुद्धा.

पाण्याच्या घड्या, सावली, मग पोलिस आणि रुग्णवाहिका. लुपेने डोळे उघडून पाणी मागितलं तेव्हा अंगणातली सगळी बायामाणसं एकदमच रडायला लागली. रुग्णवाहिकेतल्या माणसाने तिला तपासलं आणि म्हणाला, "वेळेवर काढलीत. अजून अर्धा तास गेला असता, तर काही सांगता आलं नसतं."

सामुएलू ओट्यावर मटकन बसला.

ब्रॉनविनबाई आल्या तेव्हा तो बहिणीच्या कानाला लागला. "पोर सापडली आता. सांग, दोन मिनिटंच होती गाडीत. कशाला वाढवतेस?"

तेलेसियाने ऐकलंच नाही. पोरं कशी मोजली नाहीत, जेवणाआधीची प्रार्थना चालू असताना लुपे गाडीतच कशी राहिली, फोन करू की नको यावर किती वाद झाला, सगळं तिने सांगितलं. आपली चूकही सांगितली आणि आवाज खाली केला नाही.

"आता नेणार असाल तर न्या," ती म्हणाली. "पण मी रोज येणार, हे आत्ताच लिहून ठेवा."

ब्रॉनविनबाई लुपेजवळ खाली बसल्या. "खूप घाबरलीस का गं?"

लुपेने मान डोलावली. "झोप लागली होती. उठले, तर दार उघडेना म्हणून ओरडले. मग रडले."

"मग?"

"मग गप्प पडून राहिले. आईकडे असताना कितीही वेळ घाबरायला लागायचं. आता फक्त आजी येईपर्यंत."

दिवसभर एक टिपूस न काढलेली तेलेसिया तिथेच जमिनीवर बसली आणि ओक्साबोक्शी रडू लागली.

ब्रॉनविनबाईंनी चष्मा काढून पुसला. "ती हरवली होती, हे मला लिहावंच लागेल," त्या म्हणाल्या. "पोरीचं हे वाक्यही लिहीन. आज रात्री ती आजीकडेच झोपेल. आणि कोर्टात मला विचारलं, तर मी सांगेन की कायमचीही आजीकडेच झोपू द्या."