खुर्चीतलं विमान

डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगून माझ्या वैमानिक नवऱ्याला, सेवेरोला, विमानातून कायमचं उतरवलं, तेव्हा मुलीनंच हौसेनं त्याला ते घरात बसून उडवायचं खोटं विमान आणून दिलं. हातात धरायचा दांडा, पायाखाली पेडल, भिंतभर पडदा, सगळं. माझी शिवणाची खोली गेली ती गेलीच. तिथं बसून हा रोज जग फिरतो आणि जेवायला हाक मारली की म्हणतो, "थांब, उतरतोय." जळलं मेलं ते उतरणं!

आमची लेक जोव्हलिन खरं विमान उडवते. बापाच्याच जुन्या मार्गावर, मोठ्या बेटावरून इथं आमच्या लहान बेटावर, बास्कोला. घरी आली की त्याला चिडवते, "बाबा, तुमचं बरंय. आपटलं तर बटण दाबायचं, विमान पुन्हा कोरं करकरीत!"

"पण ही खुर्ची मुकी आहे गं," तो म्हणतो. "विमान आधी बुडाला कळतं, मग डोळ्यांना. इथं बुडाला काही कळतच नाही."

त्या दुपारी ईशान्येचा वारा असा सुटला की अंगणात वाळत घातलेले मासे मी गोळा करेपर्यंत अर्धे शेजारणीकडे पोचले. आत आले तर सेवेरोचा रेडिओ चालू होता. त्यावर वैमानिकांचं बोलणं नुसतं ऐकू येतं, आपल्याला त्यांच्याशी बोलता येत नाही. आवाज जोव्हलिनचा होता. विमानात सात प्रवासी, धावपट्टीवर आडवा वारा. एकदा उतरता आलं नव्हतं, म्हणून ती वर जाऊन वळसा घेऊन पुन्हा येत होती.

सेवेरोनं पडद्यावर तीच धावपट्टी आणि तसाच वारा लावला. "तिच्या आधी उतरून बघतो," म्हणाला. उतरतो कसला! पंख टेकला आणि विमान कोलांटलं. बटण. पुन्हा आपटला. पुन्हा बटण. इकडे हा मरत होता आणि तिकडे रेडिओवर माझी पोर बोलत होती. मला दोन्ही सहन होईना.

"बंद कर ते!" मी ओरडले.

"थांब गं! वेग थोडा जास्त ठेवायला हवा." आणि खरंच, पुढच्या खेपेला त्यानं विमान अलगद टेकवलं. तसा रेडिओ तोंडाशी धरून ओरडायला लागला, "जोव्हलिन! वेग सोडू नकोस! जरा पुढे जाऊन टेक! ऐकतेस ना?"

"अरे, तिला ऐकू जात नाही रे."

त्यानं रेडिओ खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "मग मी काय करू?"

"काही नाही. तू वर असायचास तेव्हा मी काय करायचे? देव पाण्यात घालून बसायचे. आता तूही बस."

रेडिओ खरखरला. दुसऱ्यांदाही जमलं नव्हतं. जोव्हलिननं शांतपणे सांगितलं, "मोठ्या बेटावर परत जाते आहे." मग ती ऐकू येईनाशी झाली. आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो. किती वेळ, देव जाणे.

शेवटी फोन आला. ती सुखरूप उतरली होती, पण आवाज रडवेला. "बाबा, नाही जमलं मला. विमानात एक बाई होती, आईच्या मातीला निघालेली. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीये. तुम्ही असतात तर उतरवलं असतंत ना?"

सेवेरोनं पडद्याकडे पाहिलं. तिथं त्याचं विमान धावपट्टीवर नीट उभं होतं.

"नाही गं पोरी," तो म्हणाला. "मीही परतच फिरलो असतो."

उभ्या आयुष्यात हा माणूस एकदाही परत फिरला नव्हता. मला हुंदका आवरेना, तर फोनवर हात ठेवून मला म्हणतो, "हळू रड, तिला ऐकू जाईल."