पाटावर कोरलेला साचा

संप सुरू झाला त्या दिवसापासून कुशाबा पाटावर जेवायला बसला नव्हता. "कामाला जाईन तवा बसंन," म्हणाला आणि आपला सागवानी पाट त्यानं कॉटखाली सारून दिला. त्याला आता वर्ष उलटलं होतं. उभा जन्म गिरणीत साच्यांवर कापड विणलेला माणूस लालबागच्या त्या एका खोलीत दाराशी बसून असे. भांडं वाजलं तरी दचके, कुणी हसलं तरी विचारी, "काय झालं हसायला?" आत-बाहेर करायचं ते त्याचे पाय ओलांडून.

गुणवंती त्याची थोरली, चित्रकलेच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. शनिवारी आई धाकट्या दोघांना घेऊन गावी जाणार होती, कायमची. कुशाबानं गुणवंतीला सांगून टाकलं होतं, "परीक्षेला बसलीस तर ऱ्हा हितं. न्हाईतर तूबी जा." आणि परीक्षेला बसायचं तर शुक्रवारी लाकडावर कोरून काढलेला एक छाप सरांपुढे ठेवायला हवा होता.

रविवारी ती भीत भीत म्हणाली, "आबा, साच्यावर कसं उभं राहता ते दाखवा की."

"उगा नाटकं," म्हणत तो उठला. कॉट आणि मोरीच्या मधे उभा राहिला. आडवं सूत नेणारा धोटा धरावा तशी उजव्या हाताची मूठ केली, डावा हात साच्याच्या दांड्यावर ठेवावा तसा हवेत धरला. मान वाकवली आणि त्याचा चेहराच पालटला.

गुणवंतीनं ते चित्र फळीवर उतरवलं आणि तीन दिवस कोरत राहिली. लाकडावरचं उजवं कागदावर डावं उमटतं, हे सरांनी बजावलं होतं. म्हणून खाली 'कुशाबा' ही अक्षरं तिनं आठवणीनं उलटी कोरली.

बुधवारी दुपारी फळीवर शाईचा रोलर फिरवला, कागद ठेवला आणि आमटीच्या डावाच्या पाठीनं तो घासून घासून काढला. कागद उचलला तशी आई म्हणाली, "अगं बया, आता बोलंल की काय!"

कुशाबानं कागद उजेडाला धरला.

"ह्यो गंगाधर हाय."

गंगाधर वरच्या मजल्यावरचा. त्यांच्या खात्यातला एकटा डावखुरा. गेल्या महिन्यात तो संप मोडून पोलिसांच्या गाडीत बसून कामावर गेला, तेव्हापासून चाळीत त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. गुणवंतीनं पाहिलं. अक्षरं सुलटी आली होती, पण धोटा डाव्या हातात होता.

"तुम्हीच आहात, आबा. खाली नाव–"

"नाव माझं घातलंस आन् उभा त्याला केलास. लोक काय म्हंतील, कुशाबा गेला कामावर?" त्यानं कागदाच्या चार घड्या केल्या आणि तो मांडीखाली घातला. "ह्यो दाराभायेर जायचा न्हाई."

दुसरी फळी नव्हती, आणायला पैसे नव्हते. गुणवंती मोरीशी गुडघे पोटाशी घेऊन बसली. समोर आईनं तिची ट्रंक भरायला घेतली.

गुरुवारी सकाळी ठोकण्याच्या आवाजानं ती उठली. कुशाबानं कॉटखालचा पाट काढून त्याच्या खालच्या पट्ट्या उखडल्या होत्या.

"ह्याच्यावर कोर."

"तुमचा पाट आहे तो."

"कोर म्हंतो ना!" त्यानं खिळ्यावरचा दाढीचा आरसा काढून बायकोच्या हातात दिला. "आरशात बघून काढ मला. म्हंजे कागदावर सरळ यीन."

तो पुन्हा कॉट आणि मोरीच्या मधे उभा राहिला. आईचा हात आरसा धरून अवघडला.

"अवो, तुमच्यापायी मलाबी गिरणीची पाळी लागली!"

"सुटी हुईस्तवर हलायचं न्हाई," कुशाबा म्हणाला, मान न उचलता.

गुणवंतीनं रात्रभर जागून पाट कोरला आणि शुक्रवारी छाप सरांपुढे गेला. शनिवारी एस.टी.त आई आणि धाकटी दोघंच बसली. गिरणी उघडली तेव्हा परत घेतलेल्यांच्या यादीत कुशाबाचं नाव नव्हतं. तो जमिनीवर बसून जेवायचा. समोर भिंतीला तो पाट उभा असे, शाईनं काळा झालेला, आणि त्यावरचा कुशाबा डाव्या हातात धोटा धरून जेवणाऱ्या कुशाबापुढे उभा.

गुणवंतीनं एकदा पाट भिंतीकडे तोंड करून ठेवला. ताटावरून उठून कुशाबानं तो परत फिरवला.

"असू दे," म्हणाला. "आता कुटं जातोय त्यो कामावर?"