आईचं ‘आपण’

आईच्या पुस्तकाची शेवटची मुद्रितं तपासायला मी प्रकाशकाच्या कचेरीत गेले, तेव्हा तिला जाऊन महिनाही झाला नव्हता. सोबत मावशी होती. मुखपृष्ठासाठी हवा असलेला आईचा तरुणपणीचा फोटो तिच्याकडे होता आणि तो कोणाच्या हातात द्यायला ती तयार नव्हती. माझ्यासुद्धा.

दोघी बहिणी इस्पितळाच्या धुलाईखान्यामागच्या वस्तीत वाढल्या. तिथला पत्ता सांगितला की गावात खोली भाड्याने मिळत नसे. मावशीने पुढे धुलाईखान्यातच नोकरी केली. आई शिक्षिका झाली, वस्तीबाहेर राहायला आली, आणि माणसात कोणाला धरतात, कोणाला नाही, यावर जन्मभर लिहीत राहिली. मी बाहेरच जन्मले.

पहिल्याच पानावर अडखळले. ‘आम्ही रांगेत उभं राहायला शिकलो, रांग कोणी आखली हे विचारायला शिकलो नाही.’ आईने ‘आपण’ लिहिलं होतं. पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्याही.

“हे कोणी बदललं?”

“मीच,” संपादक म्हणाले. “सगळीकडे एकदम. संगणकावर होतं ते. तुम्ही रागावणार हे माहीत होतं. पण ‘आपण’ म्हणजे कोण हो? खोली नाकारणारे आपण आणि ज्यांना नाकारली तेही आपण? फिर्यादी आणि आरोपी एकाच बाकावर बसतात त्यात. वाचणाऱ्याला बोचायला हवं ना?”

माणूस वाईट नव्हता. आईच्या शेवटच्या दुखण्यात तो नेमाने यायचा, तिला वाचून दाखवायचा. आणि त्याचं म्हणणंही अगदीच टाकाऊ नव्हतं. ऐकणाऱ्याला आत घेतं ते ‘आपण’, बाहेर ठेवतं ते ‘आम्ही’. एवढ्याशा फरकावर लोकांनी जाडजूड ग्रंथ लिहिलेत, त्यातले पुष्कळ मी वाचलेत, आणि त्या दुपारी त्यातलं एक वाक्य कामाला येत नव्हतं. शिवाय आपण शिकलो, आम्ही शिकलो. क्रियापदाला काही फरकच पडत नाही. कर्ता बदलला तरी वाक्य हूं की चूं करत नाही.

“बरोबर केलंत,” मावशी म्हणाली. “ताईला मी शंभरदा सांगितलं. कसलं आपण? त्यांनी कधी धरलं का आपल्याला आपल्यात?”

“मावशी, तिने विचार करून लिहिलंय. तुमच्या वस्तीबद्दल तिला...”

“तुमच्या?” मावशीने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “झालं. बघा संपादक, पोटची पोर ‘तुमची वस्ती’ म्हणते, आणि आईसाहेब सगळ्या गावाला आपण म्हणत फिरतात.”

मी एकुलती एक. ‘आपली आई’ असं म्हणायला भाऊ नाही, बहीण नाही. भेटायला येणाऱ्यांना ‘आमची आई’ म्हणून सांगते, आणि त्यातलं बाकीचं कोण, ते मलाही ठाऊक नाही.

मी पानं उलटत राहिले. आजोबांना इस्पितळात नेलं तो प्रसंग आला. मी मोठ्याने वाचलं. “‘डॉक्टर अदबीने म्हणाले, आम्ही जरा बाहेर थांबा.’”

“कोण थांबा?” मावशीने विचारलं.

“आम्ही. पुढे ऐक. ‘बाबा म्हणाले, राग मानू नका, आमचं सहज विचारलं. मग ते आम्हीहून बाहेर गेले.’”

“आम्हीहून!” मावशी हसली ती ठसका लागेपर्यंत. “अहो, शहाणं आहे हो तुमचं यंत्र.”

संपादकांचे कान लाल झाले. “हे दुरुस्त करणारच होतो.”

“तेवढ्याने भागायचं नाही,” मी म्हटलं, आणि नळाच्या कुलपाचा लेख काढला. “इथे तुम्ही काहीच बदललेलं नाही. इथे ‘आम्ही’ आईनेच लिहिलंय. अख्ख्या पुस्तकात एवढ्याच लेखात. आता ते कोणाला कळणार?”

संपादकांनी पान ओढून घेतलं, वरून खाली वाचलं आणि परत माझ्यापुढे सरकवलं.

“कुलपाचं लिहिलंय तिने?” मावशीचा आवाज खाली आला. बहिणीचं लिखाण तिने कधी वाचलं नव्हतं. हट्टाने. “वाच.”

मी वाचलं. “‘त्या उन्हाळ्यात वस्तीच्या नळाला कुलूप लागलं. धुलाईखान्याचा नळ चालू होता. आम्ही त्यांच्या चादरी धूत होतो आणि आम्हाला प्यायला पाणी नव्हतं. धाकटी साहेबांशी भांडली. आम्ही सगळे तिच्या मागे उभे होतो.’”

“मागे कसली? कोपऱ्यात होती,” मावशी म्हणाली. “तोंडातून शब्द नाही. मला वाटलं, हिला आमची लाज वाटते.” फोटो तिच्या मांडीवर पालथा होता. तो तिने सुलटा केला, पाहिला नाही. “बाकीचं मला पटलेलं नाही, सांगून ठेवते. पण तिने लिहिलंय तसंच असू द्या.”

“उद्या छपाईला जायचंय,” संपादक म्हणाले, पण खुर्ची संगणकाकडे वळवली. पुन्हा एकदम बदलून चालणार नव्हतं. तो एक लेखही त्यात वाहून गेला असता. मी आईचं हस्तलिखित वाचायची, ते एकेक शब्द परत बसवायचे. मावशी डोळे मिटून ऐकत होती. झोपली असं वाटायचं, तोच कुठेतरी नाक मुरडायची.

खोली नाकारणाऱ्या घरमालकिणीच्या पानावर तिने मला थांबवलं. मी वाचलं होतं, “‘आपणच दार लावतो आणि आपणच बाहेर उभे राहतो.’”

“इथे नको. ती बाई आपल्यातली नव्हती.”

“मावशी, इथेही ‘आपण’च आहे.”

“माहीत आहे गं. तरी नको.”

संपादकांचे हात थांबले. ते माझ्याकडे पाहत होते. खरं सांगायचं तर या वाक्यापुरतं मला मावशीचंच पटत होतं. आई असती तर मी वाद घातला असता, आणि तिने ऐकलं असतं की नाही, कोण जाणे. पण ती नव्हती.

“आईने लिहिलंय तेच करा,” मी म्हटलं.

मावशीने डोळे उघडले नाहीत. “करा. गेली म्हणून सोडतेय. जिवंत असती तर तिच्याच हाताने खोडायला लावलं असतं.”

संपादकांनी ‘आपण’ केलं. मी पुढचं वाक्य वाचलं.