सटवाजीची उडती गादी

"कुणालाच पटणार न्हाई, आन् नका पटवून घेऊ," सटवाजीनं मांडीवर थाप मारली. "पण या गादीनं माझ्या बायकोला असं उचलून फेकलं, की हिचा अंबाडा पंख्याच्या पात्याला घासून आला!"

बघायला आलेल्या भिकाबाईनं तोंडाला पदर लावला. तिच्याशेजारी बसलेल्या हरिचंदनं मान वर करून पंख्याकडं पाहिलं, पात्याला एखादा केस अडकलेला दिसतो का म्हणून.

आतल्या खोलीत सतरंजीवर भिंतीला टेकून जनकाबाई बसली होती. डावा हात प्लास्टरमध्ये, उजव्या हातात थंड झालेला चहा. दार सताड उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. सटवाजीच्या सांगण्यात पहिल्या दिवशी गादीनं तिला नुसतं ढकललं होतं. मग शेजारचे आले तेव्हा हातभर उचललं. आज पंखा आला. उद्या हा माणूस छताचे पत्रे फोडून आपल्याला आभाळात नेऊन सोडणार, आणि हळद वाळवणाऱ्या अख्ख्या कुरुंदा गावच्या बाया डोळ्यावर हात धरून बघत बसणार! तिच्या अंगाची लाहीलाही झाली. बघायला आलेल्या माणसांसमोर नवऱ्याला काय बोलायचं, म्हणून तिनं तो राग थंड चहासोबत गिळला.

सगळं सुरू झालं ते तिच्या गुडघ्यांपासून. जन्मभर उकिडवं बसून हळद काढली, निवडली, भरली. आता जमिनीवरून उठायचं म्हणजे सुनेला हाक मारायची, करुणानं काखेत हात घालायचे आणि पोतं उचलावं तसं उचलायचं. पाणी प्यायला हाक, संडासाला हाक. करुणानं कधी तोंड वाकडं केलं नाही, पण जनकाबाईला त्या हाकेचीच लाज वाटायची. डॉक्टरनं सांगितलं, खाली झोपणं बंद करा, पलंग घ्या. काठावर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला पुरे टेकले पाहिजेत, आणि गादी कडक पाहिजे. नांदेडहून पोरानं, रत्नपालनं, बापाला फोनवर बजावलं, "बाबा, तुमी निवडू नका. आईला बसवून बघा."

म्हणून सासू, सासरा आणि सून तिघंही जीपनं वसमतला गेली. धर्मसिंगच्या दुकानात जनकाबाईनं पलंग असे तपासले, जसे लोक बाजारात बैल तपासतात. करुणा कोपऱ्यांवरून हात फिरवायची, पाय हलवून बघायची.

"आत्या, हा नको. याचं टोक कपाळात बसलं म्हंजे?"

"आन् ह्याच्यात तं मी खालीच चालले. चिखलात म्हैस फसावी तशी."

शेवटी भिंतीकडेला एक बुटका पलंग दिसला. साधं लाकूड, घासून गोल केलेले कोपरे, वर काथ्याची कडक गादी. जनकाबाई बसली. पाय टेकले. तिनं दोन्ही टाचा फरशीवर आपटून बघितल्या. मग मांडीवर हात रेटला आणि उठली. कुणाचा हात नाही, कुणाला हाक नाही. तिनं पुन्हा बसून पुन्हा उठून दाखवलं, लहान पोरीसारखं.

"हाच," ती म्हणाली.

"बराबर हाय," सटवाजी म्हणाला. "जा, तुमी दोघी रस पिऊन या. मी शेटसोबत बोलून घेतो."

त्या रसाच्या ग्लासाला ती अजून शिव्या देत होती. दोघी रस पीत होत्या तेवढ्यात सटवाजीची नजर दुकानाच्या मधोमध मांडलेल्या पलंगावर गेली. उशाला मखमल, मखमलीत आरसे, वर स्प्रिंगची गादी. कळमनुरीच्या व्याह्याकडं, म्हणजे करुणाच्या बापाकडं, अस्साच पलंग होता. हा त्याच्याहून वीतभर उंच होता. मग काय, गुडघे कुणाचे नि पलंग कुणाचा!

टेम्पोतून तो पलंग उतरला तेव्हा दारातून आत शिरेना. चौकट काढावी लागली. उंच इतका, की खाली कोंबडी खुडूक बसावी, पिलं निघावीत, मोठी व्हावीत आणि वर झोपलेल्याला पत्ताही लागू नये.

"हा न्हाई," जनकाबाई म्हणाली. "मी बसले व्हते तो कुठाय?"

"तो संपला."

"संपला? पलंग हाय का पेढा?"

"अगं, राणीवानी झोप की! याच्यावर बसली म्हंजे व्याही खाली दिसंल तुला."

"मामा," करुणा फणकारली, "माझ्या बापाला खाली दाखवायला पलंग आणला का आत्याच्या गुडघ्याला?"

सटवाजी मखमलीवरची धूळ झटकू लागला.

करुणा कात्री घेऊन गादीचं प्लास्टिक काढायला गेली, तर त्यानं झडप घालून कात्री हिसकावली. "खबरदार! प्लास्टिक काढलं की गादी जुनी झाली. पाव्हणेरावळे येऊन बघू द्या आधी." मग प्लास्टिकवरच चादर अंथरली. चढायला स्टूल ठेवलं.

जनकाबाई त्या पलंगावर झोपायची म्हणजे तव्यावर भाकर झोपते तशी. पाठीला घामाच्या धारा. कूस बदलली की चिवड्याचं पाकीट कुणीतरी कानाशी चुरगाळतंय असा आवाज. पाय हलवले की चादर सरकायची, चादरीबरोबर ती. रात्रभर भिंतीकडची लाकडी कड धरून पडायची.

"मला खाली टाका," ती रोज म्हणायची.

"येडी का तू? एवढा पलंग घेतला आन् बाई खाली? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

आणि एके दिवशी सकाळी ती काठाशी आली, पाय स्टूल शोधू लागले, चादर प्लास्टिकवरून सुटली आणि चादरीसकट जनकाबाई फरशीवर आली. मनगट अंगाखाली सापडलं. कट्ट असा आवाज तिलाच ऐकू आला.

तेव्हापासून ती पुन्हा सतरंजीवर. आता तर भिंत धरायलाही दुसरा हात नव्हता. हाकेशिवाय हलता येत नव्हतं. आणि पलंग? तो बैठकीत ठेवला होता, प्लास्टिकसकट, चकाकत. बघायला आलेली माणसं तिला बघायच्या आधी पलंग बघत होती.

बाहेर मोटारसायकल थांबली. "जयभीम! या, या धर्मसिंग शेट! बघा तुमच्या गादीचे परताप!" सटवाजीचा आवाज चढला. त्यानं फोनवर रोज धमक्या देऊन दुकानदाराला बोलावून घेतलं होतं.

"चाचा, स्प्रिंगकी गादी है, तोफ है क्या?" धर्मसिंग खुर्चीत बसत म्हणाला. "आजवर कोणाला फेकलं नाही तिनं."

"मग माझ्या बायकोनं स्वतःच उडी मारली का? हरिचंद, तू ऐक. भिकाबाई, तुमीबी ऐका." सटवाजीच्या अंगात आता वारं भरलं होतं. "मी बाजूलाच झोपलो व्हतो. एकदम खालून धाड! आधी मी उडालो. वरून बघतो तं ही बी वर येऊन राहिली! म्हणलं, हिची कंबर जाते आता. हवेतच झेप घेतली, हिचा हात धरला, आन् हळूच खाली आणली. म्हणून हातावर निभावलं. मी नसतो तं आज हिला खांदाच द्यावा लागला असता!"

हरिचंद "अरारा" म्हणाला. भिकाबाई हसावं की रडावं या घोळात पडली.

धर्मसिंग मात्र हसला नाही. ही गोष्ट बाजारात गेली तर दुकानापुढं गर्दी व्हायची ती खरेदीची नाही, तमाशाची. तो हात जोडून म्हणाला, "चाचा, गावात बोभाटा नका करू. मी बदलून देतो. याच्यावरचा माल आलाय. पलंग अजून उंच, गादी दुप्पट जाड, अन् पडू नये म्हणून चारी बाजूंनी कठडा. उद्याच टेम्पो पाठवतो."

"पाठवा की!" सटवाजीचा चेहरा उजळला. "माझं काय, मी कुठंबी झोपतो. हे सगळं हिच्यासाठीच करून राहिलो मी."

अजून उंच. चारी बाजूंनी कठडा. म्हणजे खुंट्याला बांधलेलं वासरू. जनकाबाईच्या हातातला कप फरशीवर आपटला.

"करुणा! मला उभी कर!"

"आत्या, हात..."

"उभी कर म्हणते न्हवं!"

करुणानं तिला उठवलं. जनकाबाई दारात आली, प्लास्टरचा हात चौकटीवर आपटला. बैठकीतल्या माना दाराकडं वळल्या.

"खोटं!" ती ओरडली. "साफ खोटं बोलून राहिला हा माणूस!"

"अगं, चार माणसांत..."

"चार माणसांतच! खोटं चार माणसांत सांगितलं, तं खरं काय चुलीपाशी सांगू? शेट, तुमच्या गादीनं काही केलं न्हाई. यांनी प्लास्टिक काढू दिलं न्हाई, मी घसरले. आन् मी निवडलेला बुटका पलंग संपला व्हता का?"

धर्मसिंग गोंधळून सटवाजीकडं बघू लागला. "नाही मावशी. भिंतीलाच आहे अजून. चाचा म्हणाले, तुम्हाला आवडला नाही."

"तोच आणा. काथ्याच्या गादीसकट. आन् हे आरसे घेऊन जा, यांना तोंड बघायला एक ठेवा."

भिकाबाई पदरातल्या पदरात फिसकन हसली. सटवाजीनं एकवार पंख्याकडं पाहिलं, जणू तोच साक्षीला उभा राहील, आणि पुटपुटला, "पण हवेत हात तं मीच..."

"तुमी बाजूला झोपले व्हते?" जनकाबाईचा आवाज आता चढलेला नव्हता, त्यामुळं जास्तच लागत होता. "अवं, त्या गादीवर तुमी एक रात बी पाठ टेकली न्हाई. गरम व्हते म्हणून ओसरीत बाजेवर घोरत व्हते. मी पडल्यावर आले, आन् आधी हात फिरवला तो माझ्या मनगटावर न्हाई, गादीवर. फाटली तं न्हाई ना म्हणून!"