अल्पशा आजाराने

माझं डोकं लगेच सटकतं, ही गोष्ट आमच्या डेपोत नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत्यात. मी क्रांती. एस्टीत कंडक्टर हाय, बारा वर्षं झाली. बाई असून 'आलो-गेलो' म्हणतो, कारण आमच्याकडं बायका असंच बोलत्यात. पुण्याच्या पावण्यांच्या कानाला ते टोचत असंल तर त्यांनी खिडकीबाहेर बघावं. दारात लोंबकळणाऱ्याला मी एकदाच 'आत या' म्हणतो. दुसऱ्यांदा काय म्हणतो ते इथं लिहिण्यासारखं न्हाय.

पण खरा राग जुना हाय, एकवीस वर्षांचा.

आमचं माहेर नेसरीला. आई तानाबाई. तिच्या छातीत गाठ आली तेव्हा तिनं कुणाला सांगितलं न्हाय. पुढं गाठ फुटली, वास यायला लागला, तरी पदराखाली कडुलिंबाचा पाला बांधून म्हशीची धार काढायला बसायची. मोठा भाऊ विजयसिंह, त्याला आम्ही आण्णा म्हणतो, त्यानं तिला काविळीचं औषध देणाऱ्या माणसाकडं नेलं आणि गावभर सांगितलं, कावीळ झालीया. दवाखान्यात नेलं तेव्हा शेवटचा महिना राहिलता. डॉक्टरनं काय हाय ते स्पष्ट सांगितलं. आण्णानं ते दवाखान्याच्या पायरीवरच सोडलं आणि घरी येऊन परत कावीळच सांगितली.

दीड वर्ष बाई आतनं कुजली. आणि चौकातल्या बोर्डावर तिच्या फोटोखाली काय छापलं, तर 'अल्पशा आजाराने निधन'. अल्पशा. मी तो बोर्ड फाडायला निघालतो, मावशीनं दंड धरून मागं ओढलं. त्या दिवसापास्नं आमच्या घरात तो शब्द काढायचा न्हाय. कॅन्सर म्हणायचं न्हाय. लईच झालं तर 'तसलं काय तरी' म्हणायचं आणि विषय उसावर न्यायचा.

गेल्या वर्षी वजन वाढलं म्हणून पळायला लागलो. गडमुडशिंगीत आमचं घर हाय. तिथनं विमानतळाच्या रस्त्यानं पहाटं पळायचं आणि मग ड्युटीवर जायचं. आमचे मालक बाळासो फौंड्रीत हायत. ते म्हणाले, "पळ, पण कुत्री मागं लागली तर त्यांना शिव्या देत बसू नको." पळता पळता एक कळलं, राग आला की माझे पाय चांगले पडत्यात. दोनाचे पाच किलोमीटर झाले, पाचाचे पंधरा. मग जानेवारीतल्या मॅरेथॉनमध्ये नाव घातलं, बेचाळीस किलोमीटर. तिथं अशी रीत होती की पळणाऱ्यानं एखादं काम निवडायचं आणि त्यासाठी लोकांकडनं पैसे जमवायचे. यादीत कॅन्सरवर संशोधन करणारी एक संस्था होती. हा रोग घराण्यात कसा उतरतो ते शोधणारी. मी तिच्यावरच बोट ठेवलं.

पिवळा टीशर्ट छापायला टाकला. पाठीवर लिहायचं होतं, 'माझी आई तानाबाई स्तनाच्या कॅन्सरनं गेली. तिच्यासाठी पळतो.' छापणारा चुळबुळ करत म्हणाला, "मॅडम, नुसतं कॅन्सर घालूया की. स्तनाच्या बरं दिसत न्हाय." मी म्हटलं, "आईनं पाजलं तेव्हा लाजलास व्हय?" मुकाट छापलं त्यानं.

तो टीशर्ट घालून पळताना कुणी तरी फोटो काढला आणि तो फोनवर सगळीकडं फिरला. गडहिंग्लजच्या गाडीत बायका मला ओळखायला लागल्या. पैसे द्यायच्या, आणि देताना कानाशी येऊन सांगायच्या. माझ्या जावंला झालता. माझ्या बहिणीला झालता, चाळीस पण पुरी न्हवती. सगळ्या कानाशीच. मोठ्यानं एकीनं पण सांगितलं न्हाय, आणि मला दर वेळी वाटायचं की बेल मारून गाडी थांबवावी आणि आतल्या सगळ्यांना ऐकवावं.

ऑक्टोबरात आण्णा आला. गडहिंग्लज स्टँडवर गाडी लावलेली, मी एकटीच आत बसून डबा खात होतो. दाणदाण पायऱ्या चढून त्यानं फोन माझ्या नाकासमोर धरला.

"हे काय लावलंयस?"

"वाचता येतंय की तुला."

"वर्षाचं लग्न ठरलंय, ठाऊक हाय न्हवं? काल पावण्यांचा फोन आलता. तुमच्या आईला काय झालतं म्हणून विचारत होते. मी सांगितलं कावीळ. म्हणाले, मग बहिणीनं अंगावर काय छापलंय?"

वर्षाराणी ही आण्णाची एकुलती एक लेक, चोवीस वर्षांची. कोल्हापुरात एका पतसंस्थेत नोकरी करती आणि राजारामपुरीत खोली घेऊन राहती. मला पोरबाळ न्हाय, तिला मी खांद्यावर खेळवलंय. नवरा मुलगा ऋतुराज, पन्हाळ्याकडचा, पुण्यात इंजिनीयर. डिसेंबरअखेरची तारीख धरलेली.

"पावणं म्हणाले, घराण्यात असलं काय असंल तर विचार करावा लागंल," आण्णा म्हणाला. "आईचं काय, ती गेली. पोरीचं वाटोळं करणार हायस व्हय? लग्न होऊ दे, मग अंगावर काय पण लिहून पळ, मी अडवत न्हाय."

"आईचं काय म्हणजे?"

"क्रांते, पाया पडतो तुझ्या."

आणि खरंच वाकला. पन्नाशीला आलेला माणूस, एस्टीच्या त्या घाणेरड्या फळीवर. आख्ख्या डेपोला ऐकवणारी मी, डब्याचं झाकण लावून 'उठ' एवढंच म्हणालो. पोरीचं नाव काढलं की माझं सगळं बळ जातंय. त्या रात्री टीशर्ट उलटा करून दोरीवर टाकला आणि दुसऱ्या दिवसापास्नं उलटाच घालून पळायला लागलो. माझ्या स्टेटसवर ठेवलेला तो फोटो काढून टाकला. संस्थेच्या वेबसाइटवर माझ्या पानावर आईचं नाव होतं, तिथं 'एका हितचिंतकाकडून' असं लिहिलं. स्वतःच्या आईची हितचिंतक. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली न्हवती. ती लाज पायात घालून मी त्या आठवड्यात तीस किलोमीटर पळालो आणि बाळासोंना म्हटलं, पाय दुखत्यात, बोलू नका.

डिसेंबर उजाडला. लग्नाला तीन आठवडे राहिले होते. एका रविवारी वर्षा म्हणाली, मी पण येतो पळायला, लग्नाचे फोटो चांगले यायला पाहिजेत. रंकाळ्याला भेटलो. पहिला फेरा बरा गेला. दुसऱ्या फेऱ्यात बघतो तर ती डावा हात अंगाशी घट्ट धरून पळतीया. म्हटलं, "हात मोकळा सोड की, खांदा भरंल." तशी ती थांबली आणि कठड्याला टेकली.

"आत्ती, आजी खरंच काविळीनं गेली?"

"का गं?"

"ऑक्टोबरात तुझ्या टीशर्टाचा फोटो आलता तेव्हा मी पप्पांना विचारलं. ते म्हणाले, क्रांतीला पैसे जमवायचेत म्हणून तिनं तसं छापलंय. मला काय पटलं न्हाय. तुलाच फोन करणार होतो. पण मग तू स्टेटसवरचा फोटो काढून टाकलास, आजीचं नावपण काढलंस. मग वाटलं पप्पांचंच खरं असंल. म्हटलं, आपल्या घरात तसलं काय न्हाय म्हणजे आपलं पण साधंच असंल."

"तुझं काय साधं असंल?"

तिनं माझा हात धरला आणि कुर्त्यावरनं डाव्या बाजूला, काखेच्या जरा पुढं टेकवला. बोराएवढी गाठ होती. दाबली तर हलत पण न्हवती.

"ऑक्टोबरात हरभऱ्याएवढी होती," ती म्हणाली.

मी तिथंच खाली बसलो. येणारे जाणारे बघत होते, बघू देत. दोन महिने. आण्णानं खोटं सांगितलं, ते त्याच्या स्वभावाला धरूनच. पण पोरीनं त्याच्यावर विश्वास ठेवला न्हवता, माझ्यावर ठेवलता. पाठीवरच्या त्या दोन ओळींनी तिला जागं केलतं आणि मीच टीशर्ट उलटा करून तिला परत झोपवलं. एवढी वर्षं आण्णाला मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या सगळ्या त्या कठड्याशी बसून स्वतःला दिल्या. तिनं मला उठवलं. तिनं मला, हे बघा.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून तिला दवाखान्यात नेलं. सुई घालून तपासायला पाठवलं. आण्णाला फोन केला तेव्हा तो पहिल्यांदा म्हणाला, "कुणाला बोलली न्हाईस न्हवं?" मी फोन आपटला. तरी रिपोर्टाच्या दिवशी आला तो. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, पत्रिका वाटायला निघाल्यासारखा.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. रिपोर्ट वाचला, वर्षाकडं बघितलं आणि तिलाच सांगितलं, "कॅन्सर आहे. वेळ हातातून गेलेली नाही. पण आता थांबायचंही नाही." वर्षाची नखं माझ्या मनगटात रुतली होती.

"मॅडम," आण्णा म्हणाला, "अठ्ठावीस तारखेला लग्न हाय. तेवढं उरकून मग ऑपरेशन केलं तर? एका महिन्यानं काय फरक पडतोय?"

बाईंनी कागद पुढं ओढला. "आधी मला हे सांगा, घरात आणखी कुणाला कॅन्सर होता का? आजी, आत्या, मावशी?"

"न्हाय न्हाय," आण्णा म्हणाला. एक क्षण पण थांबला न्हाय. "आमच्या घराण्यात तसलं काय न्हाय. आई काविळीनं गेली."

बाईंचं पेन कागदावर चाललं.

"खोडा ते," मी म्हटलं. आवाज एवढा मोठा निघाला की बाहेरची माणसं गप्प झाली. "खोडा. ह्याची आई, माझी आई, तानाबाई, स्तनाच्या कॅन्सरनं गेली. शेहेचाळीस वर्षांची होती. डाव्या बाजूला गाठ होती, फुटलेली, पाला बांधून फिरत होती. ह्याला ठाऊक हाय. दवाखान्याच्या कागदावर ह्याचीच सही हाय. आण्णा, पोरगी समोर बसलीया तुझी. तिच्या तोंडाकडं बघून परत कावीळ म्हणून दाखव."

आण्णानं बघितलं न्हाय. टेबलाच्या कडेला बघत राहिला.

"हे कळणं फार गरजेचं होतं," बाई म्हणाल्या आणि आधीचं खोडलं. "आता रक्ताची वेगळी तपासणी करू. ऑपरेशन किती आणि कसं करायचं ते त्यावर ठरेल. असा जनुकातला दोष आजीकडून नातीत येऊ शकतो."

"पण मग मधी मी हाय की," आण्णा म्हणाला. "मला कुठं काय झालंय?"

"तुम्हाला काही न होताही तुमच्याकडून मुलीला येऊ शकतो."

तो आपल्या तळहातांकडं बघत बसला. "म्हणजे मी दिलं व्हय?" असं हळूच म्हणाला, कुणालाच न्हवं. मला त्याची कीव आली आणि त्याच क्षणी त्याची गचांडी धरावी असं पण वाटलं.

"पप्पा," वर्षा म्हणाली, "ऋतुराजला मी काल गाठीचं सगळं सांगितलंय. तो म्हणाला, घरात विचारतो. अजून फोन न्हाय त्याचा. ऑपरेशनची तारीख घ्या."

बाईंनी तारीख लिहिली, पुढच्या सोमवारची. मला वाटलं संपलं. उठायला लागलो, तशा त्या माझ्याकडं वळल्या.

"तुम्ही तानाबाईंची मुलगी. वय किती?"

"बेचाळीस."

"तुमची तपासणी शेवटची कधी केली?"

मी काय सांगणार? गाडीभर बायकांना विचारत होतो, तपासून घेतलं का गं. संस्थेनं दिलेली पत्रकं सीटा-सीटांवर वाटली होती. छापणाऱ्याला लाजवलं होतं, भावाला आत्ताच चारचौघांत उघडा पाडला होता. आणि एकवीस वर्षांत अंघोळ करताना माझा हात तिथं कधी थांबला न्हवता. मुद्दाम थांबवला न्हवता.

"केली न्हाय," मी म्हटलं.

"कधीच?"

"भ्या वाटतंय मला." आयुष्यात पहिल्यांदा ते तोंडातनं बाहेर पडलं, आणि ते पण आण्णासमोर.

बाईंनी नर्सला हाक मारली आणि आतल्या खोलीकडं हात केला. माझे पाय हलंनात. बेचाळीस किलोमीटर पळायला निघालेले पाय, दहा पावलं टाकंनात. आण्णा उठला. आता तो माझं सगळं मला परत ऐकवणार असं वाटलं, आणि त्यानं ऐकवलं असतं तर मला चाललं असतं. त्यानं माझ्या खांद्यावरची पर्स काढून स्वतःच्या मांडीवर घेतली आणि परत बसला.

"कागदावर हिचं पण सगळं खरं लिवा, मॅडम," तो म्हणाला. "काय निघंल ते."