लोड घरी कसा आला

आमचे हे लॉन्ड्रीची गाडी चालवतात. हमरस्त्यावरच्या चौदा हॉटेलांना धुतलेल्या चादरी, अभ्रे आणि टॉवेल पोचवायचे आणि मळके घेऊन यायचे, हा त्यांचा गुरुवारचा फेरा. मी त्याच लॉन्ड्रीत रोलरवर असते. रोलर म्हणजे वाफेवर चालणारी भली मोठी इस्त्री. आम्ही दोघी एका बाजूने ओली चादर सरकवतो, पलीकडच्या दोघी कडक होऊन आलेल्या चादरीची घडी घालतात. तेवीस वर्षं झाली. आम्ही कोण हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे सिनेमात आमची जी शोभा झाली त्यात आम्ही भलतेच कोणीतरी होतो.

तीन वर्षांपूर्वी एका गुरुवारी हे फेऱ्याच्या टोकाच्या हॉटेलात होते, इथून एकशे सत्तर किलोमीटरवर. गाठोडी गाडीत टाकली, मागचं दार तसंच ठेवून सही घ्यायला आत गेले, आले, दार लावलं आणि निघाले. परतीच्या पहिल्या थांब्यावर दार उघडलं तर गाठोड्यांवर एक कुत्रा झोपलेला. लांबुळका, गोल, आखूड पायांचा. ह्यांना बघून त्याने जांभई दिली आणि कूस बदलली. गळ्यातल्या पट्ट्याला पत्र्याची चकती होती. तिच्यावर नाव, फोन नंबर आणि पत्ता. नाव होतं लोड. दिसायलाही तो अगदी लोडच होता, कोणी बैठकीवरून उचलून आणून ठेवल्यासारखा.

ह्यांनी लगेच फोन लावला. एका पुरुषाने उचलला, कुत्र्याचं सगळं नीट ऐकून घेतलं आणि राँग नंबर म्हणून ठेवून दिला. पुन्हा लावला तेव्हा बाईने उचलला. ती जरा बरी निघाली. म्हणाली, कुत्रा आम्ही नणंदेकडे देऊन टाकलाय, अकरा दिवस झाले, तिथेच कुठेतरी सोडून द्या. नणंदेचा पत्ता विचारला तर म्हणाली, आत्ता पेशंट बसलेत, नंतर बोलू. ते नंतर काही उजाडलं नाही.

भर रस्त्यावर कुत्रं सोडणं ह्यांच्याने होईना. त्याला घेऊनच आले. सुपरवायझरने कपाळाला हात लावला, केस लागले म्हणून ती गाठोडी दोनदा धुवायला लावली. सुट्टी झाल्यावर आम्ही दोघं चकतीवरच्या पत्त्यावर गेलो. खाली दातांचा दवाखाना, वर डॉक्टरांचं घर. दार उघडलं त्यांच्या मुलीने, अकरा-बारा वर्षांची असेल. ती ओरडली नाही की रडली नाही, उंबऱ्यातच खाली बसली. लोड तिच्या बाजूने सरळ आत गेला, स्वयंपाकघरात आपलं भांडं जागेवर आहे का बघून आला, आणि मग तिच्या मांडीवर चढला.

मुलीच्या मागे डॉक्टर उभे होते. त्यांनी आमच्याकडे पाहून अगदी हळूच मान हलवली. शेजारी त्यांची बायको मुलीला म्हणत होती, बघ, शोधत शोधत आला की नाही तुझ्याकडे. आमच्या ध्यानात आलं. कुत्रा सहलीत हातातली साखळी सोडवून पळाला, हरवला, असं त्या पोरीला सांगितलेलं होतं. आता तिच्या तोंडावर कोण सांगणार, की बाई, तुझ्या आईबापाने तो देऊन टाकला होता? आम्ही गप्प बसलो. पाणी प्यायलो आणि निघालो.

त्यानंतर महिन्याभरात पेपरात छापून आलं की एक इमानी कुत्रा एकशे सत्तर किलोमीटर चालत अकरा दिवसांत आपल्या मालकिणीकडे परतला. फोटोत डॉक्टर, डॉक्टरीणबाई, मुलगी आणि लोड. ह्यांनी तो पेपर मला डब्याच्या सुट्टीत वाचून दाखवला आणि पोट धरून हसले. त्या पायांनी तो अकरा दिवसांत फार तर चौकापर्यंत गेला असता, म्हणाले. आम्हाला वाटलं, विषय संपला. मग कळलं की त्याच्यावर सिनेमा निघतोय.

सिनेमा लागला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी लॉन्ड्रीवर दोन पास पाठवले. हे खूश. नवा शर्ट घालून दुपारच्या खेळाला आले. मी रोलरवरच्या बायकांना आधीच सांगून ठेवलं होतं की ह्यांचा कुत्रा आहे त्यात.

लोड त्यात नव्हताच. त्याच्या जागी सोनेरी केसांचा, उंचापुरा, छाती काढून चालणारा कुत्रा होता आणि त्याचं नाव होतं वादळ. वादळ बोलत होता. तोंड हलत नव्हतं, पण वरून आवाज येत होता, आणि तो आवाज प्रवचनाला बसल्यासारखा घर म्हणजे काय हे समजावत होता. एकटा कुत्रा दीड तास पुरत नाही, म्हणून त्याला सोबत दिलेली. एक नाक मुरडणारी मांजर, जी शेवटी त्याच्यासाठी जिवावर उदार होणार हे पहिल्या मिनिटाला कळत होतं. आणि एक म्हातारा कुत्रा, जो दर दहा मिनिटांनी तुम्ही पुढे व्हा म्हणत होता. माझ्यामागे बसलेल्या पाच वर्षांच्या पोराने बापाला सांगितलं, हा मरणार. त्या वयाच्या पोराला जे कळतं ते दडवून ठेवायला सिनेमावाल्यांनी एवढी वाद्यं वाजवली.

मग नदी आली. पूल पन्नास पावलांवर दिसत होता, पण पुलावरून गेलं तर कोणी वाहून कसं जाणार? मांजर वाहून गेली आणि पुढच्या वळणावर धडधाकट सापडली. पुढे जंगलात एकटी राहणारी म्हातारी भेटली. तिने तिघांना खाऊपिऊ घातलं, चुलीपाशी निजवलं आणि सकाळी स्वतःच दार उघडून म्हणाली, जा, तुमची वाट कोणीतरी बघतंय. जनावरांना काही विचारायची पद्धत नसावी. इकडे घरी मुलगी खिडकीत बसलेली. बाप म्हणतो, आता विसर त्याला. मुलगी म्हणते, तो येईल. बाप तोंड फिरवून डोळे पुसतो. राँग नंबर म्हणणारा हाच तो बाप, हे त्या अख्ख्या थिएटरात आम्हा दोघांनाच माहीत होतं. आजूबाजूला सगळीकडे रुमाल निघाले होते.

आणि मग रस्त्यावर एक पांढरी गाडी आली. मागे दोन दारं. आत चादरींची गाठोडी. चालवणारा होता जाड मिशीचा, डोक्यावर मळकी टोपी, तोंडात काडेपेटीची काडी. आमचे हे गेली वीस वर्षं सिगारेट सोडल्यापासून काडी चघळतात. तो माणूस कुत्री चोरत होता. कुत्री पकडायची, चादरींच्या गाठोड्यांत दडवायची आणि विकायची, हा त्याचा धंदा. शेजारी एक काटकुळा साथीदार, सारखा आपटणारा, पोरांना हसवायला. वादळने काडीवाल्याच्या पोटरीला चावा घेतला तेव्हा थिएटरात टाळ्या पडल्या. शेवटी तो शेणाच्या ढिगात पडला. तेव्हा आणखी टाळ्या.

मी ह्यांच्याकडे पाहिलं नाही. शेवटच्या टेकडीपर्यंत आम्ही बसून होतो. टेकडीवरून आधी मांजर येते. मुलगी वाट बघते. कोणी येत नाही. वाद्यं थांबतात, मुलगी पाठ फिरवते, आणि तेवढ्यात भुंकणं ऐकू येतं. लंगडत, सावकाश, ऊन पाठीवर घेऊन वादळ उतरतो. बायका हमसून हमसून रडत होत्या. हे उठले आणि तोंडातली काडी काढून खिशात ठेवली.

पुढचे काही महिने वाईट गेले. हॉटेलांच्या आवारात पोरं गाडीच्या पत्र्यावर हात आपटायची आणि कुत्राचोर म्हणून पळायची. एका हॉटेलात तर एक बाई खरोखर मागे येऊन गाठोडी चाचपून गेली. लॉन्ड्रीत माझ्या मैत्रिणी आधी चिडवायच्या, मग ह्यांचा चेहरा बघून गप्प झाल्या, ते तर फारच लागलं. ह्यांनी मिशी कापली. मला म्हणाले, गरम होतं. बाहेर कडाक्याची थंडी होती.

मिशी गेली त्या आठवड्यात मी रजा टाकली आणि दवाखान्यात गेले.

बसायच्या खोलीत भिंतभर वादळचं पोस्टर होतं, त्यावर डॉक्टरांची सही, जणू तेच टेकडीवरून उतरले होते. खुर्चीखाली लोड झोपला होता. आणखी सुटला होता. आतून दात कोरायच्या मशीनचा आवाज येत होता आणि टेबलामागे डॉक्टरीणबाई नंबर लिहून देत होत्या. मी कोण ते त्यांनी लगेच ओळखलं, पास मिळाले ना म्हणून विचारलं. मी म्हटलं, मिळाले, आणि माझ्या नवऱ्याची काय दशा झाली ते सांगितलं. त्यांनी मनापासून ऐकलं. मग मला समजावू लागल्या, की यात व्यक्तिगत काही नाही. सिनेमाच्या लेखकापासून त्यांनी काहीच लपवून ठेवलं नव्हतं, लॉन्ड्रीच्या गाडीचं सगळं खरंखरं सांगितलं होतं. काडीचंसुद्धा.

"तो म्हणाला, गाडीतून आला तर मग प्रवास कुठे राहिला?" बाई म्हणाल्या. "पण गाडी त्याला फार आवडली. म्हणाला, ती मी वाईट माणसांना देतो."

मी खुर्चीखालच्या लोडकडे बघत राहिले. बाईंना वाटलं मला पटलं. त्या पुढे सरकून हळू आवाजात म्हणाल्या की दुसऱ्या भागाचं चाललंय, त्यात वादळ पुन्हा हरवणार आहे, आणि मी लेखकाशी बोलते, काडीवाला त्यात सुधारलेला दाखवू. शेवटी कुत्र्याला वाचवताना त्याला काहीतरी होईल, म्हणजे लोकांना त्याच्याबद्दल वाईट वाटेल. हे त्या मला भेट दिल्यासारखं सांगत होत्या. अशा बाईवर रागावणं म्हणजे पोस्टरवर रागावण्यासारखं. मी म्हटलं, तुमची मुलगी कुठे आहे? तिला मी आज सगळं सांगणार आहे.

बाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात मुलगीच शाळेतून आली. चांगली उंच झाली होती. दप्तर टेकवून तिने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, काकू, जरा जिन्यात या.

जिन्यात ती वरच्या पायरीवर बसली, मी खाली. मी तोंड उघडायच्या आत तिने विचारलं, "लोड गाडीतून आला, तेच सांगायला आलात ना?"

ती म्हणाली, तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं. अकरा दिवस चाललेल्या कुत्र्याची नखं झिजतात. लोडची वाढलेली होती, तिने त्याच संध्याकाळी कापली. अंगाला धुळीचा वास नव्हता, हॉटेलच्या साबणाचा होता. आणि सहलीला गेलो तेव्हा त्याचं भांडं गाडीत घेतलं होतं, सतरंजी घेतली होती, औषधं घेतली होती. एका दिवसाच्या सहलीला कोणी एवढं नेतं का? परत येताना भांडं मात्र तिने गुपचूप पिशवीत टाकून आणलं.

मी विचारलं, मग बोलली का नाहीस.

"तेव्हा बोलले असते तर पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आत्याकडे गेला असता," ती म्हणाली. "आता त्याला कोण देऊन टाकेल? दात दुखत नसताना लोक त्याला बघायला येतात. पेपरवाल्यांना फोनसुद्धा आईने केला नव्हता, काकू. मी केला होता."

चौदा वर्षांची पोर. तिच्या आईबापाला, त्या लेखकाला आणि रुमाल भिजवून बाहेर पडलेल्या सगळ्या लोकांना तिने कामाला लावलं होतं, एका आळशी कुत्र्याला स्वतःच्या घरात राहता यावं म्हणून. मी घरून घोकून आणलेलं सगळं तसंच राहिलं.

"काकांचं वाईट वाटलं," ती म्हणाली. "सिनेमा बघितल्यावर कळलं मला. पण लोड असेपर्यंत मी कोणाला सांगणार नाही. तुम्ही सांगितलंत तर मी तुम्हाला अडवू शकत नाही."

तिने क्षमा मागितली नाही. मागितली असती तर मी कदाचित त्याच पावली दवाखान्यात जाऊन सगळ्या पेशंटांसमोर बोलले असते. मी तिला म्हटलं, त्याला जरा चालव, फार जाड झालाय. ती म्हणाली, चालतच नाही तो.

घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. पोरीचं, भांड्याचं, फोनचं. हे ऐकता ऐकता डबा धुऊन पालथा घालत होते. मग म्हणाले, "राहू दे. मला चोर म्हणतात त्याने जर तो तिथे राहत असेल तर म्हणू देत." मला ते आवडलं नाही. मी तसं बोललेसुद्धा: डॉक्टर हिरो आणि तुम्ही शेणात, हे मला जन्मभर पटणार नाही. ते म्हणाले, मलाही नाही पटत.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, लोडने तुला ओळखलं का. शेपटी हलवली, धावत आला, असं मी सांगू शकले असते. माणूस खूश झाला असता. पण असलं खोटं रचणाऱ्यांची जमात मी नुकतीच जवळून पाहून आले होते. मी म्हटलं, नाही, झोपला होता. मी निघाले तेव्हा एक डोळा उघडला आणि परत मिटला.

"चांगलंय," हे म्हणाले, आणि आरशात बघून कापलेल्या मिशीच्या जागेवरून बोट फिरवू लागले.

दुसरा भाग गेल्या महिन्यात लागला. रोलरवरच्या बायका गेल्या होत्या, लाल डोळे घेऊन परत आल्या. मी त्यांना काही विचारलं नाही. ह्यांनी मिशी पुन्हा वाढवायला घेतली आहे. यावेळी पांढरी येते आहे.